हल्ल्यानंतरची ड्युटी

डॉक्टरांना किंवा परिचारिकांना मारहाण झाल्याची बातमी आपल्याकडे एका ठरावीक क्रमाने पुढे सरकते. पहिल्या दिवशी फुटलेल्या काचांचे छायाचित्र येते, दुसऱ्या दिवशी काळ्या फिती लावलेले निवासी डॉक्टर प्रवेशद्वारापाशी बसतात, मग मंत्रालयात बैठक होते, आश्वासन मिळते, संप मागे घेतला जातो आणि ओपीडी पूर्ववत सुरू झाल्याचे दोन ओळींत कळते. ज्याला मार बसला त्याचे पुढे काय झाले, हे त्या दोन ओळींत नसते. सरकारी रुग्णालयांत आधी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आणि मग परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर) म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर परिचर्येच्या विद्यार्थिनींशी बोलायला जाते, तेव्हा त्या कायद्याची कलमे विचारतात, स्वसंरक्षणाच्या वर्गांविषयी विचारतात. मला मात्र त्यांच्याशी बातमी संपल्यानंतरच्या काळाविषयी बोलायचे असते. ज्या वॉर्डात मागच्या हल्ल्याची नीट दखल घेतली गेली, तिथली माणसे पुढच्या वेळी पहिल्या शिवीलाच मदत मागतात. जिथे ती प्रकरणे दाबली गेली, तिथे शिव्या, धमक्या, धक्काबुक्की हे सगळे गिळले जाते आणि मोठा हल्ला होतो तेव्हा तो अचानक झाल्यासारखा वाटतो. हल्ला झालेल्याची काळजी घेणे हाच पुढचा हल्ला टाळण्याचा पहिला उपाय आहे, असे मी इतक्या वर्षांच्या अनुभवावरून म्हणते.

मार्च २०१७मध्ये धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभागातील एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांच्या जमावाने मारहाण केली. रुग्णाच्या डोक्याला मार होता, तिथे मेंदूशल्यचिकित्सक उपलब्ध नव्हता आणि रुग्णाला दुसरीकडे न्यावे लागेल हे सांगण्याची पाळी त्या तरुण डॉक्टरवर आली होती. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर जवळपास आठवडाभर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि रुग्णालयांसाठी महाराष्ट्र सुरक्षा बलाचे १,१०० सशस्त्र जवान देण्याचे सरकारने मान्य केले. जवानांची गरज होतीच, त्याविषयी मला काही म्हणायचे नाही. पण त्या रात्रीचा मूळ प्रश्न असा होता की, जी सोय रुग्णालयात नाही ती नसल्याचे रुग्णाच्या भावाला किंवा मुलाला कोणी, कोणत्या जागी आणि कोणत्या अधिकाराने सांगायचे? पदांची भरती ज्यांच्या हातात आहे, ते रात्री कॅज्युअल्टीत नसतात. तिथे असतो तो पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाला असलेला, सलग जागा असलेला मुलगा, आणि व्यवस्थेतल्या सगळ्या रिकाम्या खुर्च्यांचा जाब त्याला विचारला जातो.

हा राग वॉर्डात कसा साठत जातो ते मी फार जवळून पाहिले आहे, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहिते. जिल्हा रुग्णालयात रात्री आठ-नऊ वाजता पोचलेला रुग्ण बहुतेक वेळा सकाळीच घरून निघालेला असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा रुग्णालय, तिथून १०८ची गाडी, असे प्रत्येक ठिकाणी ‘पुढे न्या’ म्हणून लिहिलेली चिठ्ठी हातात घेऊन ते लोक आमच्यापर्यंत येतात. वाटेत कोणी उसने पैसे घेतलेले असतात, कोणाच्या पोटात दिवसभर अन्न गेलेले नसते. आल्यावर केसपेपर एका खिडकीवर, रक्ताची बाटली दुसऱ्या इमारतीत, सीटी स्कॅन तिसरीकडे, आणि एखादे इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितलेले. या सगळ्यात रुग्णाचे नेमके काय चालले आहे, हे त्यांना कोणी एका जागी बसवून सांगत नाही. ‘सीरियस आहे’ एवढे चार वेगवेगळ्या माणसांनी चालता चालता सांगितलेले असते आणि पाचव्याने ‘बघू, बरे वाटेल’ असे म्हटलेले असते. माणूस त्या पाचव्याच्या वाक्याला धरून बसतो. पहाटे तीन वाजता रुग्ण दगावला की आधीची चार वाक्ये कोणाला आठवत नाहीत.

दुसऱ्या बाजूला वॉर्ड कसा असतो? भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका असायला हवी. मी ज्या वॉर्डांत रात्री काढल्या तिथे खाटा भरून जमिनीवर गाद्या घातलेल्या असत आणि आम्ही दोघी असायचो, कधी एकटीच. एका बाजूला सलाईन लावायचे, दुसरीकडे ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला मामांना, म्हणजे वॉर्डबॉयला, हाक मारायची आणि त्याच वेळी ‘सिस्टर, जरा बघा ना’ म्हणून तिसऱ्यांदा आलेल्या नातेवाइकाला ‘आले, थांबा’ म्हणायचे. तो ‘थांबा’ त्याला तुसडा वाटतो, आणि तो काही खोटे वाटून घेत नसतो, कारण थकलेल्या माणसाचा आवाज तसाच निघतो. दोघेही आपापल्या जागी टेकीला आलेले असतात.

तरीही एक गोष्ट मी ठामपणे सांगते. मार देणारा माणूस सहसा रुग्णाच्या उशाशी बसलेला नसतो. आई, बायको, मुलगा हे सुन्न होऊन भिंतीला टेकलेले असतात. काचा फोडणारे नंतर येतात. फोन गेल्यावर दुचाकींवरून येणाऱ्या पंधरा-वीस जणांपैकी अर्ध्यांना रुग्णाचा आजारही ठाऊक नसतो. त्यातला एक जण मोबाइल उंच धरून चित्रण करतो आणि एखादा स्वतःला कोणत्या तरी पक्षाचा कार्यकर्ता म्हणवतो. म्हणून व्यवस्थेच्या अपुरेपणाने हल्ल्याचे समर्थन होते असे मी कधीही मानले नाही. नातेवाइकाचे दुःख खरे असते, त्याची तक्रारही पुष्कळदा खरी असते, आणि तिच्यासाठी चौकशी आहे, वैद्यकीय परिषद आहे, ग्राहक आयोग आहे. परिचारिकेच्या कानशिलात मारून त्यांतले काहीच सिद्ध होत नाही.

पण याच निरीक्षणातून उपायही निघतो. दुचाकी यायच्या आधीचे दोन-तीन तास आपल्या हातात असतात. एका वॉर्डात आम्ही तिथल्या एका समजूतदार विभागप्रमुखांच्या पाठिंब्याने एक साधी पद्धत बसवली होती. अत्यवस्थ रुग्ण आला की नातेवाइकांपैकी एकाच व्यक्तीचे नाव केसपेपरवर लिहायचे आणि दर काही तासांनी त्याच व्यक्तीला, शक्यतो त्याच डॉक्टरने, परिस्थिती सांगायची. सांगितल्याची वेळ नोंदवून त्याची सही घ्यायची. मृत्यूची बातमी दारात उभे राहून द्यायची नाही. स्टोअररूममधले सामान हलवून तिथे चार खुर्च्या आणि पाण्याचा माठ ठेवला होता. तिथे बसवून, जे असेल ते स्पष्ट शब्दांत, ‘गेले’ असे म्हणूनच सांगायचे. बातमी सर्वांत कनिष्ठ डॉक्टरने एकट्याने द्यायची नाही. वरिष्ठाला झोपेतून उठवून बोलवावे लागले तरी चालेल. सांगणाऱ्याने दाराच्या बाजूला बसायचे, म्हणजे गरज पडल्यास त्याला बाहेर पडता येईल. सुरक्षारक्षकाला आधीच कळवायचे, पण त्याने दंडुका घेऊन समोर उभे राहायचे नाही. भेटीच्या पासांची पद्धत दिवसा कडक असते आणि रात्री ढिली पडते, ती रात्रीच कडक ठेवायची. यात खर्च जवळजवळ नव्हता, मात्र वेळ लागत होता, आणि त्यासाठी विभागप्रमुखांनी एका इंटर्नला याच कामासाठी मोकळे ठेवले होते. त्यांची बदली झाल्यावर इंटर्न पुन्हा रक्ताच्या बाटल्या पोचवायला लागला आणि त्या खोलीत पुन्हा सामान आले.

कायदा आपल्याकडे नाही असे नाही. महाराष्ट्रात २०१०पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती आणि संस्था यांच्यावरील हिंसाचाराला प्रतिबंध करणारा स्वतंत्र अधिनियम आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिवाय मोडतोड केलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. करोनाच्या काळात, एप्रिल २०२०मध्ये, केंद्राने अध्यादेश काढून १८९७च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. गंभीर इजा झाल्यास ७ वर्षांपर्यंत शिक्षा, ३० दिवसांत तपास, १ वर्षात निकाल अशी ती तरतूद होती. मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळी जन्मलेल्या त्या जुन्या कायद्यात आरोग्यसेवकांच्या रक्षणाचा विचार यायला सव्वाशे वर्षे लागली, आणि आला तोही साथीपुरता. घरोघरी ताप मोजायला गेलेल्या आशाताईंनी त्या दिवसांत जे ऐकले आणि सोसले, ते साथ संपल्यावर त्यांना ऐकावे लागत नाही, असे कोणीच म्हणणार नाही. सर्व काळासाठी लागू होईल अशा केंद्रीय कायद्याचा मसुदा २०१९मध्ये तयार झाला होता. तो पुढे सरकला नाही.

या सगळ्या तरतुदींपेक्षा मला एक छोटा आदेश अधिक मोलाचा वाटतो. ऑगस्ट २०२४मध्ये, कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर कर्तव्यावर असताना बलात्कार होऊन तिची हत्या झाल्यानंतर, केंद्रीय आरोग्य खात्याने आपल्या अखत्यारीतील संस्थांना कळवले की, कर्तव्यावर असलेल्या कर्मचाऱ्यावर हिंसा झाल्यास ६ तासांच्या आत संस्थेच्या वतीने गुन्हा नोंदवणे ही संस्थाप्रमुखाची जबाबदारी राहील. ‘संस्थेच्या वतीने’ हे या आदेशाचे मर्म आहे. एरवी काय होते ते मी पाहिले आहे. मार खाल्लेली मुलगी मध्यरात्री, त्याच गणवेशात, फार तर एका मैत्रिणीला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जाते. फिर्यादी म्हणून तिचे नाव, तिच्या घरचा पत्ता लिहिला जातो. आरोपी त्याच तालुक्यातले असतात. आठवड्याभरात कोणी तरी मध्यस्थ तिच्या सासरी पोचतो आणि ‘मिटवून टाका, ताई’ असे सांगतो. पुढे वर्षांनंतर समन्स येते तेव्हा तिची बदली झालेली असते, साक्षीदार निवृत्त झालेले असतात आणि तारखेला जायला तिने स्वतःची किरकोळ रजा टाकायची असते. फिर्यादी संस्था असेल, तर मध्यस्थाला संस्थाप्रमुखाचे दार ठोठवावे लागेल आणि त्या मुलीला फक्त साक्ष द्यावी लागेल. कागदावर हा फरक लहान दिसतो.

हल्ला नेहमी बाहेरच्यांकडूनच होतो असेही नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलत असताना त्याच रुग्णालयातल्या एका कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या. मेंदूला झालेली इजा कधीच भरून आली नाही आणि १८ मे २०१५पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, त्या त्याच रुग्णालयात होत्या. आरोपीला शिक्षा झाली ती हल्ला आणि चोरी यांसाठी, ७ वर्षांची. कोलकात्याची डॉक्टर दीर्घ पाळीत थोडी विश्रांती घ्यायला सेमिनार कक्षात गेली होती. कपडे बदलणे आणि पाठ टेकणे, या दोन अगदी साध्या गरजांच्या वेळी या दोघी एकट्या होत्या. ५१ वर्षांच्या अंतराने सर्वोच्च न्यायालयासमोर कोलकात्याचे प्रकरण आले तेव्हा अरुणा शानबाग यांचा उल्लेख निघाला आणि न्यायालयाने २० ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कृतिदल नेमले. सुरक्षेचा विचार करणाऱ्या प्रत्येक समितीने रात्री अकरा वाजता रुग्णालयातून एकदा पायी फिरावे, असे मला फार वाटते. परिचारिकांची कपडे बदलण्याची खोली कुठल्या बोळाच्या टोकाला आहे, तिथला दिवा चालू आहे का, दाराला आतून कडी आहे का, हे फाइलमध्ये दिसत नाही.

अरुणा शानबाग यांच्या संदर्भात दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, कारण परिचारिका म्हणून मला तिचा अभिमान आहे. केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलली. इतकी वर्षे अंथरुणावर असलेल्या रुग्णाला शय्याव्रण होऊ न देणे म्हणजे काय, हे आमच्या व्यवसायातल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. त्यांना रुग्णालयातून हलवण्याचे प्रयत्न झाले तेव्हा याच परिचारिका विरोधाला उभ्या राहिल्या. हल्ला झालेल्या सहकाऱ्याला सोडायचे नाही, याचे याहून मोठे उदाहरण मला जगात दुसरे माहीत नाही. पण ती सगळी माया व्यक्तींची होती. ज्यांच्यावर हल्ला होतो त्या सगळ्यांना अशा सहकारी लाभतील या भरवशावर संस्थेने राहू नये.

माझ्या हाताखालच्या एका तरुण अधिपरिचारिकेला अपघात विभागात मारहाण झाली होती. जखम मोठी नव्हती. ओठ फुटला, मनगट मुरगळले. तिने उरलेली पाळी पूर्ण केली, सकाळी चार्ज दिला आणि घरी गेली, आणि सगळ्यांनी तिच्या धीराचे कौतुक केले. पुढच्या महिन्यात मात्र ती ट्रॉलीचा आवाज झाला तरी दचकायची, मोठ्याने बोलणारा माणूस समोर आला की तिच्या हातातली सिरिंज थरथरायची, दाराकडे पाठ करून उभी राहायची नाही. कार्यालयात तिला पहिला प्रश्न विचारला गेला तो ‘तू त्यांना नेमके काय बोललीस?’ हा. मग तिच्या सोयीसाठी म्हणून तिला न विचारता तिची बदली दूरच्या विभागात केली गेली आणि आजारी रजा तिच्याच खात्यातून गेली. घरून नोकरी सोडण्याचा आग्रह सुरू झाला. तिला वाटले की शिक्षा तिलाच झाली आहे, आणि त्या वाटण्यात चूक शोधणे मला तरी शक्य नव्हते.

तिला सावरले ते काही अगदी व्यावहारिक गोष्टींनी. पोलीस ठाण्यात आणि मग वैद्यकीय तपासणीला एक वरिष्ठ सिस्टर शेवटपर्यंत सोबत बसल्या. संघटनेने भांडून ती रजा कर्तव्यकाळ म्हणून धरायला लावली. मानसोपचारतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयातले पाहिले, कारण ज्यांच्यासोबत रोज जेवायचे त्यांच्यापाशी मन मोकळे होत नाही. कोणत्या विभागात काम करायला आवडेल, हे तिला अखेर विचारले गेले. ती बालरोग विभागात गेली आणि बऱ्याच काळानंतर स्वतः मागून अपघात विभागात परत आली. एक गोष्ट आम्ही जाणीवपूर्वक टाळली. घटना घडल्या घडल्या सगळ्यांना गोलाकार बसवून पीडित व्यक्तीला तपशील पुन्हा पुन्हा सांगायला लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. अशा सक्तीच्या उजळणीचा फायदा होत नाही, उलट त्रास वाढू शकतो, हे आता वैद्यकशास्त्रात मान्य झाले आहे. त्या वेळी माणसाला हवे असते सुरक्षित ठिकाण, गरम चहा, घरी कळवणारा कोणी तरी आणि पुढे काय होणार याची खरी माहिती. बोलायचे असेल तेव्हा ती बोलेल. ऐकणारा माणूस ठरलेला असावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ८ ते ३८ टक्के आरोग्यसेवकांना नोकरीच्या काळात कधी ना कधी शारीरिक हिंसेला तोंड द्यावे लागते. आमच्या रुग्णालयांपुरते विचाराल, तर आकड्यांत डॉक्टर येतात, थोड्या परिचारिका येतात. मावशी, मामा, १०८चे चालक, प्रयोगशाळेतून रक्त घ्यायला आलेला मुलगा आणि दारावरचा सुरक्षारक्षक फारसे येत नाहीत. खरे तर जमाव येतो तेव्हा पहिला हात रक्षकावर पडतो. मी पाहिलेल्या एका घटनेत खाजगी एजन्सीकडून कंत्राटावर आलेल्या रक्षकाचे बोट मोडले. त्याच्यावर आमच्याच रुग्णालयात मोफत उपचार झाले, सगळ्यांनी त्याची विचारपूस केली, आणि महिनाअखेरीस घरी राहिलेल्या दिवसांचा पगार एजन्सीने कापला. त्याच्यासाठी ना संघटना होती, ना सामूहिक रजा, ना मंत्रालयातली बैठक. विभागातल्या सिस्टरांनी वर्गणी काढून त्याची भरपाई केली.

कर्तव्यावर असताना इजा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्याला बरे होईपर्यंत पूर्ण वेतन मिळेल, आणि फिर्याद, तारखा, औषधोपचार यांत त्याच्यासोबत रुग्णालयाचा एक ठरलेला अधिकारी राहील, ही अट सुरक्षा आणि स्वच्छतेच्या पुढच्या निविदेत घालावी, असे पत्र मी आमच्या जिल्ह्याच्या रुग्ण कल्याण समितीला पाठवले आहे. सोबत नियमित कर्मचाऱ्यांसाठीही एका पानाचा मसुदा जोडला आहे. हल्ला झाल्यास पाळी कोण ताब्यात घेईल, पोलिसांकडे कोण जाईल, घरी कोण पोचवेल आणि रजा कशात धरली जाईल, हे चार मुद्दे त्यात पदनाम आणि दूरध्वनी क्रमांकासह लिहिण्याची जागा सोडली आहे, म्हणजे प्रत्येक वॉर्डात तो कागद भरून औषधांच्या कपाटाशेजारी लावता येईल. समितीची पुढची बैठक झाली की मी पुन्हा विचारायला जाणार आहे.